कलन गांवचें सूप

इ. स. 1773 च्या ऑगस्ट महिन्याची 26 वी तारीख. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलन नांवाच्या एका लहानशा गांवीं दोन प्रवासी सकाळच्या न्याहारीसाठीं थांबले. त्यांतील एक म्हणजे त्रेसष्ट वर्षांचे, देहानें स्थूल, दृष्टीनें अधू, पण वाणीनें अत्यंत तीक्ष्ण असे इंग्रजी भाषेचे कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन, आणि दुसरा त्यांचा स्कॉटिश भक्त जेम्स बॉस्वेल. चहाबरोबर त्यांच्यापुढें वाळवून भाजलेले हॅडॉक मासे आणून ठेवण्यांत आले. बॉस्वेलनें एक खाल्ला. डॉक्टरांना मात्र ते नुसते पाहूनच किळस आली, आणि मासे टेबलावरून उचलून नेण्यांत आले. बॉस्वेलनें आपल्या प्रवासाच्या दैनंदिनींत ही हकीकत एकदोन वाक्यांत नोंदवून ठेविली आहे आणि लगेच तो पुढच्या मजकुराकडे वळला आहे.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचें जवळजवळ तीस वर्षांचें आयुष्य गेलें. दरसाल हा प्रसंग वर्गांत सांगावा, मुलांनीं हंसावें आणि आम्हीहि हंसावें, असा क्रम ठरून गेला होता. ओट या धान्यावरून जॉन्सननें आपल्या 1755 च्या कोशांत स्कॉटिश लोकांना काढलेला चिमटा आणि हा परत पाठविलेला मासा, हीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेविलीं म्हणजे त्या थोर पुरुषाच्या स्वभावाचें एक अंग स्पष्ट होतें, एवढाच आम्हांला त्याचा उपयोग. तो मासा कोणीं पकडला, कोणीं चिरला, कोणीं वाळविला, हा प्रश्न ना विद्यार्थ्यांनीं कधीं विचारला, ना आम्हांला कधीं सुचला.

तो सुचला एका स्वयंपाकघरांत. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ॲबरडीन येथें आमच्या कन्येकडे राहिलों होतों. एके दिवशीं संध्याकाळीं बाहेर समुद्रावरून आलेलें दाट धुकें होतें, आणि तिनें आमच्यापुढें खोलगट ताटलींत एक पांढरें, दाटसर, वाफाळणारें सूप ठेविलें. त्याला धुराचा वास होता. "याला कलन स्किंक म्हणतात," ती म्हणाली, "कलन नांवाचें गांव आहे इथून वायव्येला, त्या गांवचें." आमचा हात थांबला. जॉन्सनसमोरून ज्या गांवीं मासा उचलला गेला, त्या गांवचें नांव आज साऱ्या स्कॉटलंडांत माशाच्या सुपामुळें घेतलें जातें, हा काव्यगत न्याय म्हणावा कीं काय? मग आम्हीं त्या सुपाची कुळकथा शोधण्यास आरंभ केला. आणि जें हातीं लागलें तें आमच्या समजुतीहून निराळें होतें.

आज कोणी कलनला गेला तर त्याला जॉन्सनचें कलन दिसणार नाहीं. तें गांव सीफील्ड घराण्याच्या वाड्यालगत होतें. बॉस्वेलनेंच लिहिलें आहे कीं गांव दिसण्यांत सुखवस्तु वाटलें तरी तेथील बहुतेक घरें दरिद्री होतीं. पुढें 1820 च्या सुमारास जमीनदारांनीं हें जुनें गांव पाडून टाकिलें, आणि समुद्राच्या बाजूस सरळ रस्त्यांचें, मोठ्या चौकाचें नवें गांव वसविलें. जुन्यापैकीं देऊळ तेवढें वाड्याजवळ राहिलें. परंतु खालीं अगदीं पुळणीला लागून कोळ्यांची वस्ती होती, ती तशीच राहिली. तिला आजहि 'सीटाउन' म्हणतात. आपण कोळीवाडा म्हणूं. तेथील बुटकीं, जाड भिंतींचीं घरें दाटीवाटीनें उभीं आहेत, आणि त्यांतील कित्येकांनीं वाऱ्याला पाठ द्यावी तशी आपली आडवी भिंत समुद्राकडे केली आहे.

या वस्तींतील संसार अर्धा पुरुषांनीं आणि अर्धा, किंबहुना अधिक, बायकांनीं ओढला. पुरुष नावेंतून समुद्रावर जात, ही गोष्ट चित्रकारांना आवडते. पण त्यापूर्वीं एकेका दोरीच्या शेंकडों गळांना शिंपल्यांतील मांसाचें आमिष लावून ठेवण्याचें काम बायकांचें असे. उथळ पाण्यांत होडी उभी असतां पुरुषांचे कपडे भिजूं नयेत म्हणून बायका आपला झगा खोंचून त्यांना पाठीवर घेऊन होडीपर्यंत पोंचवीत. मासे आले म्हणजे ते साफ करणें, खारविणें, धुरावर धरणें आणि मग वेताची करंडी पाठीवर घेऊन मैलोगणती शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर हिंडून माशांच्या मोबदल्यांत पीठ, लोणी, अंडीं आणणें हेंहि त्यांचेंच काम. कोंकणांतील वाचकांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. आपल्याकडेहि जाळें पुरुषाचें असलें तरी टोपली आणि बाजार कोळणीचाच असतो.

फरक आहे तो आकाशाचा. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी ऊन करून देतें. बोंबील मांडवांवर टांगले, जवळा खळ्यावर पसरला, कीं सूर्य आपलें काम करितो. मोरे फर्थच्या किनाऱ्यावर सूर्याचा असा भरंवसा नाहीं. तेथें उन्हाचें काम धुरानें केलें. त्यांतूनहि हॅडॉक हा मासा जरा नाजूक. कॉड मासा मीठ चांगलें पचवितो व खारवून महिनोगणती टिकतो. हॅडॉकला तितकें मीठ मानवत नाहीं. म्हणून त्याचें डोकें काढून, चिरून उघडून, तो हलक्या मिठाच्या पाण्यांत थोडा वेळ ठेवीत आणि मग थंड धुरावर धरीत. मीठ माशांतील पाणी ओढून घेतें, धुरानें वरचा पापुद्रा सुकतो, आणि धुरांतील द्रव्यें कुजविणाऱ्या जंतूंना कांहीं काळ अडवितात. मासा शिजत मात्र नाहीं. तो कच्चाच राहतो, म्हणूनच पुढें दुधांत शिजल्यावर त्याच्या पाकळ्या मऊ सुटतात.

या कलेंत सर्वांत नांवाजलेलें गांव म्हणजे ॲबरडीनच्या दक्षिणेस सुमारें सहा मैलांवरील फिंडन. त्यावरूनच या माशाला 'फिनन हॅडी' असें नांव पडलें. त्या भागांत लांकडाचा तुटवडा. जळण म्हणजे पीट, अर्थात् दलदलींत शतकानुशतकें सांचलेल्या वनस्पतींचा थर कापून वाळविलेल्या विटा. त्या पीटच्या मंद धुरानें माशाला गवताच्या काडीसारखा फिकट पिंवळा रंग चढे. आज बाजारांत भडक पिंवळा हॅडॉक मिळतो, तो बहुधा रंग दिलेला असतो. जाणते लोक फिकट मासाच मागतात.

आतां 'स्किंक' या शब्दाकडे वळूं. कारण या सुपाचा खरा इतिहास त्या शब्दांत दडलेला आहे. स्किंक म्हणजे मासा नव्हे. जुन्या स्कॉटिश बोलींत स्किंक म्हणजे गुरांच्या पायाची नडगी. जर्मन भाषेंत डुकराच्या मांडीच्या खारविलेल्या मांसाला 'शिंकेन' म्हणतात, तो याच कुळांतला शब्द. नडगीच्या मांसांत शिरा फार, चरबी थोडी. तें तासन् तास उकळावें तेव्हां कोठें त्याचा रस उतरतो. यामुळें नडगी स्वस्त. ती उकळून केलेल्या सुपालाहि पुढें स्किंकच म्हणूं लागले. (कवि बर्न्सच्या हॅगिसवरील 1786 सालच्या प्रसिद्ध कवितेंत 'स्किंकिंग' असा शब्द येतो, पण तेथें त्याचा अर्थ पाणचट असा आहे, तो ओतणें या अर्थाच्या निराळ्या क्रियापदापासून आला. आमच्यासारख्या मास्तरांची येथें गल्लत होण्याचा संभव असतो, म्हणून हा खुलासा.)

तेव्हां 'कलन स्किंक' याचा शब्दशः अर्थ 'कलन गांवचें नडगीचें सूप' असा होतो, आणि त्यांत नडगीचा मागमूसहि नाहीं! परंपरा असें सांगते कीं 1890 नंतरच्या ओढगस्तीच्या वर्षांत गरिबांना नडगीचें मांसहि मिळेनासें झालें. घरांत धुरावलेला हॅडॉक मात्र मुबलक होता. तेव्हां बायकांनीं त्याच भांड्यांत, त्याच रीतीनें, मांसाच्या जागीं मासा घातला आणि नांव तेंच ठेविलें. असे प्रकार भाषेंत नवे नाहींत. आपण शेंगदाण्याचें तेल म्हणतों, खोबऱ्याचें तेल म्हणतों. वास्तविक तेल म्हणजे तिळांपासून निघालेलें तें. तीळ गेले, तेल उरलें. परंतु तेलाच्या बाबतींत शब्दाचा विस्तार झाला तो समृद्धीनें. तिळांच्या जोडीला दुसरीं बीं आलीं म्हणून. स्किंकच्या बाबतींत तो झाला उणिवेनें. ताटांत जें नाहीं त्याचें नांव त्या बायकांनीं ताटावर कायम ठेविलें.

ही उणीव अधिक जाणवते ती अशाकरितां, कीं ज्या मुलखांत ही गोष्ट घडली तो उत्तम गुरांचा मुलूख आहे. ॲबरडीन-अँगस ही जगप्रसिद्ध जात त्याच भागांतली. 1850 सालीं आगगाडी ॲबरडीनपर्यंत पोंचली, आणि तेथील उत्तम मांस थेट लंडनच्या बाजारांत जाऊं लागलें. आगगाडीनें धुरावलेला हॅडॉकहि लंडनला नेला, हें खरें. त्या माशाचा टिकाऊपणा दिवसांत मोजण्याइतका असल्यामुळें तो वेगावर अवलंबून होता. कलनला लोहमार्ग आला 1886 सालीं. तेव्हां सीफील्ड घराण्याच्या काउंटेसनें आपल्या वाड्याच्या आवारांतून रूळ नेण्यास संमति दिली नाहीं, म्हणून कंपनीला गांवावरून उंच दगडी कमानींचे पूल बांधावे लागले. 1968 सालीं ती गाडी बंद झाली. कमानी मात्र कोळीवाड्याच्या डोक्यावर अजून उभ्या आहेत, आणि प्रवासी त्यांचीं छायाचित्रें घेतात. ज्यांच्या इच्छेखातर एक गांव हललें आणि एक लोहमार्ग वळला, त्यांची आठवण दगडांत राहिली. ज्यांनीं मांसाच्या जागीं मासा घातला, त्यांपैकीं एकीचेंहि नांव कोणीं टिपून ठेविलें नाहीं. त्यांची आठवण या सुपांत राहिली आहे.

ही कृति छापील स्वरूपांत प्रतिष्ठा पावली ती बहुतांशीं मॅरियन मॅक्नील या विदुषीच्या 1929 सालच्या 'द स्कॉट्स किचन' या ग्रंथामुळें. ऑर्कनी बेटांवर जन्मलेल्या या बाईंनीं आपल्या देशाच्या घरगुती पाकक्रियेकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहिलें. त्यांच्या पद्धतीच्या आधारें आम्हीं कन्येच्या स्वयंपाकघरांत स्वतः हें सूप केलें. वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें-बाळें त्या बाजूस असतील त्यांच्या उपयोगासाठीं कृति देतों.

सुमारें अर्धा किलो फिकट धुरावलेला हॅडॉक, शक्य तर कांट्यासकट, घ्यावा. तो बुडेल इतक्या थंड पाण्यांत घालून मंद आंचेवर ठेवावा. उकळी फुटूं लागली कीं एक मोठा कांदा बारीक चिरून त्यांत टाकावा. मासा शिजला म्हणजे बाहेर काढून त्याचें कातडें व कांटे वेगळे करावे आणि मांसाच्या पाकळ्या सोडवून बाजूस झांकून ठेवाव्या. कातडें व कांटे फेंकूं नयेत. ते पुन्हां त्याच पाण्यांत घालून तासभर मंद उकळावे. नडगीच्या सुपाची जुनी रीत या ठिकाणीं शिल्लक राहिली आहे: हाडांतून रस काढणें. मग तें पाणी गाळून घ्यावें, त्यांत अर्धा लिटर गरम दूध ओतावें आणि माशाच्या पाकळ्या सोडाव्या. तीन-चार बटाटे निराळे उकडून, अगदीं गुळगुळीत कुस्करून, थोडे थोडे करून त्यांत मिसळावे. हवा तितका दाटपणा आला कीं थांबावें. शेवटीं लोण्याचा एक गोळा आणि मिरपूड. मीठ चाखल्यावांचून घालूं नये. आम्हीं पहिल्या खेपेस संवयीनें आधींच घातलें, आणि सारें भांडें खारट झालें. मासा आपलें मीठ बरोबर घेऊनच येतो.

या कृतींत साय कोठेंहि नाहीं, हें लक्षांत घ्यावें. हॉटेलांतून हल्लीं त्यांत भरपूर साय घालतात. कलनमध्यें या सुपाच्या स्पर्धा भरतात, त्यांतहि नवनवे प्रकार होतात. आमचा त्याला विरोध नाहीं. पण मूळच्या सुपाला सायीसारखा मऊपणा आला तो बटाट्यानें. बटाटा हा दक्षिण अमेरिकेचा. स्कॉटलंडांत तो गरिबांच्या जेवणांत रुळला तो अठराव्या शतकांत. म्हणजे नांव मांसाचें, ऐवज माशाचा, आणि सायीचा भास परदेशी कंदाचा. यालाच आज स्कॉटलंडची अस्सल परंपरा म्हणतात, आणि तें चूक नाहीं. ज्या आपण एकादशीच्या फराळाला बटाट्याचा कीस खातों, त्या आपण यावर हंसण्याचें कारण नाहीं. हॅडॉकचा आपल्याशीं आणखीहि एक संबंध आहे. इंग्रज लोक आपली खिचडी येथून घेऊन गेले, तींतील डाळ काढून त्यांनीं धुरावलेला हॅडॉक आणि उकडलेलीं अंडीं घातलीं, आणि 'केजरी' या नांवानें ती आपल्या न्याहारीच्या टेबलावर मांडली. तेथेंहि नांव उरलें, आंतील वस्तु बदलली.

आतां पुन्हां डॉ. जॉन्सनकडे येतों. त्यांच्याशीं अन्याय होऊं नये. 1775 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यांनीं स्कॉटिश न्याहारीची, तेथील लोणी, मध आणि मुरंबे यांची, मुक्तकंठानें स्तुति केली आहे. प्रवासाच्या आरंभींच बॉस्वेलनें त्यांना खारवून वाळविलेल्या माशाचा एक तुकडा आग्रहानें तोंडांत घ्यावयास लाविलें होतें, आणि तो त्यांना आवडला नव्हता. तेव्हां कलनची गोष्ट अगदींच अडाणीपणाची नव्हती. त्यांना मासा आवडला नाहीं आणि त्यांनीं तसें उघड दाखविलें. आमच्या हातून जें घडलें तें याहून वाईट होतें.

आमचें बालपण रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खाडीकांठच्या गांवीं गेलें. पुण्यास महाविद्यालयांत शिकण्यासाठीं निघालों तेव्हां आईनें सुकटीची चटणी करून डब्यांत भरून दिली होती. सुकट निवडणें, ऊन दाखविणें, भाजणें, कुटणें, यांत तिचे दोन दिवस गेले होते. वसतिगृहांत डबा उघडतांच खोलींतील सोबत्यानें नाक धरलें आणि कांहीं न बोलतां तो बाहेर निघून गेला. एवढेंच. त्या रात्रीं आम्हीं नदीकांठीं जाऊन डबा रिकामा केला, आणि दुसऱ्या दिवशीं घरीं पत्र लिहिलें कीं चटणी उत्तम झाली होती, सर्व मित्रांनीं मिळून संपविली. पुढच्या सुटींत तिनें दुप्पट चटणी करून दिली. तीहि त्याच वाटेनें गेली. त्यानंतर आम्ही जॉन्सन वाचला, जॉन्सन शिकविला, आणि त्या परत गेलेल्या माशावर दरसाल वर्गाबरोबर हंसत राहिलों. जॉन्सन फार तर अरसिक ठरले. आम्ही कृतघ्न ठरलों. आईला खरी गोष्ट सांगण्याचें धैर्य आम्हांला कधीं झालें नाहीं, आणि आतां ती नाहीं.

इतिहासाचीं साधनें म्हणून आपण बखरी, सनदा, पत्रें आणि शिलालेख मानतों, तें योग्यच आहे. पण ज्यांना लिहितां येत नव्हतें, किंवा लिहिण्यास सवड नव्हती, त्यांनींहि कांहीं मागें ठेविलें आहे. तें चुलीवर ठेविलें आहे. बॉस्वेलच्या दैनंदिनींत कलनच्या त्या बाईला जागा मिळाली नाहीं. तिच्या नातीपणतींनीं केलेलें सूप मात्र आज आम्हांला सांगतें कीं त्या वस्तीला काय मिळत नव्हतें, जें मिळालें त्याचें तिनें काय केलें, आणि तें करतांना आपल्या गेलेल्या अन्नाचें नांव तिनें कसें सोडलें नाहीं.

असो. ॲबरडीनच्या त्या स्वयंपाकघरांत आम्हीं केलेलें दुसऱ्या खेपेचें सूप बरें झालें होतें. जेवणें झाल्यावर कन्या खिडकी उघडण्यास उठली. घरांत माशाचा आणि धुराचा वास भरून राहिला होता. आम्हीं तिला थोडा वेळ थांबावयास सांगितलें आणि त्या रात्रीं तिला तिच्या आजीच्या डब्याची गोष्ट प्रथमच सांगितली.